पुठ्ठ्याचं इंजिन

मी रागीट आहे, हे आधीच सांगून टाकते. तीस वर्षं तंत्रनिकेतनात पोरांना मशीन ड्रॉइंग शिकवलं. माझ्या तासाला कुणाची पेन्सिल खाली पडली तरी ती उचलायला पोरगं घाबरायचं. रिटायर झाले, पोरं गेली, राग मात्र माझ्याबरोबर घरी आला. आमच्या गाडीचं इंजिन फुटलं ते त्या रागापायीच.

गाडीला आम्ही ‘छोटी’ म्हणतो. मी शाळेत असताना वडिलांनी सेकंडहँड घेतलेली, गोल दिव्यांची, बुटकी. पुढची सीट अख्खी, बाकासारखी. गियरचा दांडा जमिनीतनं वर आलेला नाही, तो स्टिअरिंगखाली आडवा. आणि पुढची दारं उलटी, म्हणजे आताच्या गाड्यांच्या दाराच्या बिजागऱ्या पुढं असतात, हिच्या मागं. दार उघडलं की पुढची बाजू सगळी मोकळी. रस्त्यावर लोक थांबून फोटो काढतात, पण मला त्या दारांचं कौतुक वेगळ्या कारणासाठी आहे, आणि ते कारण म्हणजे अव्वा.

अव्वा म्हणजे माझी आई. आम्ही लिंगायत, घरात निम्मं कन्नड, निम्मं मराठी, त्यामुळं आई ती अव्वाच. वीस वर्षांपूर्वी ती न्हाणीत पडली. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आत पू झाला, आणि शेवटी डॉक्टरांनी गुडघा कायमचा ताठ करून टाकला. तेव्हापासनं उजवा पाय सरळच्या सरळ, वाकत नाही. काठी घेऊन ती घरभर फिरते, स्वयंपाकात लुडबुड करते, पण ज्यात बसून पाय आत ओढून घ्यावा लागतो असं सगळं तिला बंद झालं. रिक्षा बंद, एसटी बंद, शेजाऱ्यांच्या चकचकीत गाड्या बंद. छोटीत मात्र तिला बसता यायचं. पाठमोरी होऊन सीटवर बूड टेकायचं, मग तो ताठ पाय मोकळ्या दारातनं फिरवत आत घ्यायचा. सरळ पुढं तो मावत नाही, म्हणून तिरका, मधल्या बाजूला, गाडी चालवणाऱ्याच्या पायाकडं सोडायचा.

वडील गेल्यापासनं गाडी मी चालवते. कधी गचका बसला की अव्वाचा पाय माझ्या पोटरीला लागायचा. लगेच "शिवशिव" म्हणून ती बोटं मला लावून कपाळाला लावायची. मी म्हणायची, "अगं, मी तुझी पोरगी, मला कसला नमस्कार करतीस?" तर म्हणायची, "गळ्यात लिंग हाय तुझ्या. त्याला पाय लागून कसं चालंल?" असं म्हणून पाय पुन्हा जागेवर ओढून घ्यायची. तिची ही जागा नेमकी कुठं आहे, हे मी इतक्या वर्षांत एकदाही खाली वाकून बघितलं नव्हतं.

अव्वाला जायचं असायचं ते एकाच ठिकाणी, सांगोल्याला. तिथं तिची पाठची बहीण राहते. मावशीचं डावं अंग अर्धांगानं गेलंय, ती अंथरुणाला खिळलेली. महिन्यातले दोन सोमवार आम्ही जायचो. सकाळी निघायचं, दोघी बहिणी दिवसभर कन्नडमध्ये बोलत बसायच्या, उन्हं कलली की परत. काय बोलायच्या देव जाणे. मेलेल्या माणसांवरनं भांडायच्या, कुणाच्या लग्नात कुठली आमटी बिघडली होती ते आठवून हसायच्या. घरात दुसरं कुणी त्यांच्या वयाचं उरलेलं नाही, माहेरचं कुणी नाही. अव्वाला ‘अक्का’ म्हणून हाक मारणारी आता ती एकटीच.

तर वैशाखात सांगोल्याहून परत येताना, मंगळवेढ्याच्या अलीकडं, गाडी तापली. बोनेटमधनं वाफ. रस्त्याला सावली नाही, आणि मला भूक लागलेली. भूक लागली की माझं डोकं फिरतं. अव्वा म्हणाली, "जरा दम खाऊ दे की तिला. तासभर बसलं तर काय हुतंय?"

"तुला काय, बसल्या जागी बोलायचं," मी म्हटलं. शेजारच्या डाळिंबाच्या बागेतनं बोअरच्या गार पाण्याची बादली आणली आणि तशीच रेडिएटरच्या तोंडात ओतली. तापल्या लोखंडावर गार पाणी ओतू नये, हे मी स्वतः फळ्यावर लिहून पोरांना शिकवलंय. टक् असा आवाज आला. मला लगेच कळलं काय झालं ते. इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे त्याचं मुख्य धड, उभा चिरला होता.

एका पिकअपवाल्यानं दोरी बांधून आम्हाला सोलापूरला घरापर्यंत ओढत आणलं. अव्वा आत बसून होती. एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

पुढच्या सोमवारी मी भाड्याची गाडी केली. अव्वाला मागच्या सीटवर आडवं बसवलं, पाय सीटवर लांब, पाठीला उश्या. वाटेत तीनदा थांबावं लागलं. सांगोल्यात पोचल्यावर ड्रायव्हरनं आणि मी मिळून तिला काखेत धरून बाहेर ओढलं. गल्लीतली माणसं बघत होती. परत आल्यावर ती म्हणाली, "मड्यासारखं नेलंस मला. पुन्यांदा न्हाई जायची असं." आणि अव्वा नाही म्हणाली की नाही. म्हणजे छोटी पुन्हा चालली तरच तिला बहीण भेटणार होती, इतकी सरळ गोष्ट होती ही.

गाडीचं सगळं आमचे उस्ताद बघतात. साठीचे गृहस्थ, आमच्याच मागच्या गल्लीत गॅरेज, बोलतात दखनी आणि मराठीची भेळ. त्यांनी चिरलेल्या ब्लॉकवर हात फिरवला आणि म्हणाले, "मॅडम, ये तो गया. दोन रस्ते हाय. याच गाडीचं दुसरं जुनं इंजिन शोधा, मिळालं तर नसीब. नहीं तो दुसऱ्या गाडीचं नवीन इंजिन बसवा." भंगारात एका लहान जीपचं चांगलं इंजिन आलंय, हेही त्यांनीच सांगितलं. गाडी अपघातात चेपलेली, इंजिन मात्र ठणठणीत. पाच गियर. वर एसीसुद्धा बसवता येईल.

झालं. माझ्या अंगात आलं. रिटायर होऊन दोन वर्षं मी काय करत होते, तर दूधवाल्याशी भांडत होते आणि दुपारी भिंतीकडं तोंड करून पडत होते. जेवण नकोसं झालेलं. आता एकदम हातात काम आलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच माळ्यावरनं ड्रॉइंग बोर्ड काढला, टी-स्क्वेअर पुसला, आणि छोटीच्या पोटात मीटरपट्टी घेऊन शिरले.

दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवायचं म्हणजे ते जागेत मावतं का एवढंच बघून भागत नाही. ज्या रबरी फाउंडेशनवर ते टेकणार त्याची भोकं जुळली पाहिजेत, खालचं तेलाचं चेंबर पुढच्या आडव्या पट्टीला अडलं नाही पाहिजे, पंखा रेडिएटरला लागला नाही पाहिजे. मागचा गियरबॉक्स लांब, तो गाडीच्या फर्शीखालनं मागं जाणार, म्हणजे मधली फर्शी चार बोटं उचलायला लागणार. आणि जीपचा गियरचा दांडा जमिनीतनं वर येतो, म्हणजे फर्शीला भोक. हे सगळं आधी कागदावर झालं पाहिजे, मग लोखंड कापायचं. उस्ताद म्हणायचे, "मॅडम, आम्ही अंदाजे कापतो, बसतं की." मी म्हणायची, "अंदाजानं टोपी बसते, इंजिन नाही."

इंजिन प्रत्यक्ष आणून घालून-काढून बघणं अवघड, म्हणून मी त्याचं पुठ्ठ्याचं इंजिन करायला घेतलं. नवी पेठेतल्या एका साडीच्या दुकानातनं रिकामी खोकी मागून आणली. भर बाजारात रिक्षाच्या टपावर खोकी बांधून निघाले तेव्हा लोकांना वाटलं असेल, बाईंच्या घरात लग्न निघालं. भंगारवाल्याकडं जाऊन इंजिनाची मापं घेतली, मिलिमीटरमध्ये, आणि अंगणात बसून कापायला लागले. ब्लॉक, हेड, चेंबर, गियरबॉक्स, सगळं एकास एक. दांड्याच्या जागी जुन्या लाटण्याचं टोक. मापं घ्यायला अडचण नको म्हणून गाडीची पुढची सीट उस्तादांनी काढली आणि व्हरांड्यात ठेवली. अव्वा दिवसभर त्या सीटवर पाय लांब करून बसायची, शेंगा सोलायची आणि माझं बघायची. मी गुणगुणत काम करायची, हे मला नंतर शेजारच्यांनी सांगितलं. मला त्याचा पत्ताही नव्हता.

श्रावणात मोठं ड्रॉइंग पूर्ण झालं. वरनं बघितल्यावर गाडी कशी दिसेल ते, इंजिनापासनं मागच्या चाकापर्यंत. हॉलच्या भिंतीला टाचण्या मारून लावलं आणि अव्वाला बोलावलं. अव्वा काही अडाणी नाही. पन्नास वर्षं तिनं गल्लीतल्या बायकांची पोलकी बेतलीत. कागदावरनं अंग कसं बसेल ते तिला कळतं. मी बोट ठेवून दाखवलं, "हे इंजिन, हा पंखा, आणि हे बघ, इथं गियर येणार."

अव्वा काठीवर रेलून बराच वेळ त्या कागदाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "हितंच येनार? जरा बाजूला न्हाई का सरकत?"

"अव्वा, यातलं तुला काय कळतं?" मी म्हटलं. "सूतभर सरकलं तरी सगळं परत काढायला लागेल. महिना गेलाय माझा."

"व्हय, ते बी खरंच," असं म्हणून ती व्हरांड्यात गेली. मी पेन्सिलला टोक करायला बसले. आता हे लिहिताना कान तापतात माझे, पण त्या दिवशी मला त्यात वावगं काहीच वाटलं नव्हतं.

त्यानंतर, भाद्रपदाच्या सुमाराला, मावशीचे फोन बंद झाले. एरवी रोज दिवेलागणीला फोन वाजायचा आणि अव्वा स्वयंपाकघरात मोठमोठ्यानं बोलायची. आता संध्याकाळी घर शांत असायचं. माझ्या ते लक्षात आलं नाही असं नाही. आलं, आणि बरं वाटलं. मला चेंबरचा एक कोन जुळत नव्हता, त्यासाठी शांतताच हवी होती. एकदा विचारलं, "मावशी बरी आहे ना?" तर म्हणाली, "तिला काय धाड भरलीय." मी पुन्हा विचारलं नाही.

दसऱ्यानंतर लोखंड कापायचा दिवस ठरला. भंगारवाल्याला शब्द दिला होता, दोन दिवसांत तो इंजिन आणून टाकणार होता. त्याआधी उस्ताद फर्शीचं भोक पाडणार. मी ड्रॉइंगवरनं माप काढून दिलं, त्यांनी फर्शीवरची मॅट काढली, खडूनं गोल आखला आणि कापायचं मशीन हातात घेतलं. आणि थांबले. मशीन खाली ठेवून वाकले, अंगठ्यानं काहीतरी पुसलं.

"मॅडम, यां पे पाँव कौन रखता?"

मी आत डोकं घातलं. त्यांच्या खडूच्या गोलाच्या बरोबर मध्ये फर्शीचा रंग उडालेला होता. लोखंड गुळगुळीत, चमकत होतं, टाचेएवढं. त्या जागची मॅट मी दोनदा बदलली होती. दोन्ही वेळा ती तिथंच झिजली म्हणून मॅटवाल्याला जाऊन शिव्या घालून आले होते. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. उस्ताद हळू आवाजात म्हणाले, "सबका नाप लिया मॅडम तुम्ही. अम्मा का नहीं लिया."

उस्तादांनी आणि मी व्हरांड्यातली सीट आणून गाडीत परत बसवली. पुठ्ठ्याचा गियरबॉक्स जागेवर ठेवला, वर दांडा. अव्वाला हाक मारली. ती येईना. "कशाला आता, असू दे की. भाजी टाकलीया," म्हणाली. मी हाताला धरून आणलं. ती नेहमीसारखी पाठमोरी होऊन टेकली, पाय फिरवून आत घ्यायला लागली, आणि पाय पुठ्ठ्याला अडला. तिनं तो थोडा मागं घेतला, पुन्हा अडला. तिसऱ्यांदा तिनं दोन्ही हातांनी मांडी धरून जोर लावला, तोंड वेडंवाकडं झालं, तरी टाच दाराच्या बाहेरच राहिली. तशी, पाय बाहेर लोंबत असताना, माझ्याकडं बघून म्हणाली, "बसतंय की. न्हाई असं न्हाई."

उस्तादांनी मान फिरवली.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"व्हय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"इच्यारलं की मी त्या दिवशी. जरा सरकतंय का म्हणून." तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. "जाऊ दे. माझं वय झालं आता फिरायचं? तू कर तुझं. चांगलं चाललंय."

मी ओरडले. कुणावर, तर तिच्यावरच. तू अशीच आहेस, सगळं मनात ठेवतेस, मला शत्रू समजतेस का, असलं काहीबाही. स्वतःची लाज वाटली की मी समोरच्यावर ओरडते, ही माझी जुनी खोड. उस्ताद गुपचूप हात धुऊन निघून गेले. अव्वा पाय बाहेर ठेवून बसून राहिली आणि मी दमले तेव्हा म्हणाली, "झालं? आता धर मला, भाजी करपंल."

दांडा वाकवून बघता आला असता, पण उचललेल्या फर्शीचं काय करणार? पाय जिथं जायचा तिथंच गियरबॉक्स येत होता. दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं. पुठ्ठ्याचं इंजिन घंटागाडीत टाकलं. टाकताना वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन दिवस मी त्या इंजिनासाठी रुसून होते, साठी गाठलेली बाई. पाच गियर, एसी, सगळं डोळ्यासमोर यायचं. मग लाज वाटायची. मग परत डोळ्यासमोर यायचं.

आता एकच रस्ता उरला होता, याच गाडीचं दुसरं इंजिन. उस्तादांनी ओळखीच्या सगळ्या गॅरेजांना फोन फिरवले. पंढरपूर, अकलूज, बार्शी, कुणाकडं नाही. दिवाळी गेली. शेवटी एकानं सांगितलं की वेळापूरला एका शेतकऱ्याकडं असलं इंजिन होतं, पूर्वी विहिरीवर पंपाला जोडलेलं. उस्तादांच्या टेम्पोतनं आम्ही दोघं गेलो. ते गोठ्यात गोणपाटाखाली होतं, वर कोंबड्यांनी संसार मांडलेला. शेतकरी म्हणाला, "घेऊन जावा की. लई वर्सं झाली, कोन इच्यारत बी न्हाई." उस्तादांनी थोडं तेल सोडलं, पुढच्या पुलीला पाना लावला आणि जोर केला. आधी हललं नाही. मग कुरकुरत अर्धा फेरा फिरलं. उस्ताद हसले आणि माझा जीव भांड्यात पडला.

ते इंजिन खोलून, साफ करून, नव्या रिंगा घालून बसवायला उस्तादांना पंधरा दिवस लागले. त्याला माझं एकही ड्रॉइंग लागलं नाही. जुन्याच फाउंडेशनवर जुन्याच भोकांत बोल्ट गेले, मागं आपला जुनाच गियरबॉक्स, स्टिअरिंगखाली जुनाच दांडा, फर्शीला हात नाही. आरटीओत दोन चकरा मारून नवा इंजिन नंबर पुस्तकात चढवला. संक्रांतीची गड्ड्याची यात्रा उठली आणि त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी मी अव्वाला म्हटलं, "चल."

मला वाटलं होतं ती खूश होईल. मावशीच्या सुनेला मी आदल्या दिवशी फोन करून येतोय म्हणून सांगितलं होतं. अव्वाला मात्र सकाळपासनं काहीतरी होत होतं. कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी बांधून घेतली, ती दोनदा सोडून परत बांधली. गाडीत बसली, पाय आपल्या जागेवर गेला, पण तोंडातनं शब्द नाही. गाडी पन्नासच्या वर जात नव्हती. मंगळवेढा आलं तशी म्हणाली, "परत फिरायचं का?"

"का?"

"आसंच. डोस्कं दुखतंय."

राग आला होता. गिळला. "आठ महिने या एका दिवसासाठी घालवलेत मी," म्हणणार होते, तेही गिळलं. गाडी पुढं नेली.

सांगोल्यात मावशीच्या खोलीत आम्ही शिरलो, तर मावशीनं आमच्याकडं बघितलं आणि मान भिंतीकडं फिरवली. अव्वा दारातच थांबली.

"याक बंदि?" मावशी म्हणाली. कशाला आलीस.

मी म्हटलं, "मावशी, अगं गाडी बिघडली होती ना, इतके दिवस म्हणून..."

"तू गप." मावशीची जीभ अर्धांगानंतर जड झालीय, शब्द ओढत येतात, पण त्या दिवशी स्पष्ट येत होते. "गाडीचं मला म्हाईत हाय. हिनं मला फोन करून सांगितलं, गाडी झाली तरी मी येनार न्हाई म्हनून. म्हनली, तुझ्याकडं यायचा मला कंटाळा आलाय. तुझं तेच तेच ऐकायचा कंटाळा आलाय. आता फोन बी करू नको." तिनं चांगल्या हातानं चादर मुठीत धरली. "साडेचार महिने झाले. मी रोज इच्यार करती, मी काय बोलली हिला. काय चुकलं माझं."

मी अव्वाकडं बघितलं. ती काठीवर दोन्ही हात ठेवून खाली बघत होती.

"अव्वा, असं सांगितलंस तू?"

ती चालत पलंगापाशी गेली. बसायला अडचण होती, तशीच कडेला टेकली, ताठ पाय पुढं काढून. बहिणीचा हात धरायला गेली, मावशीनं तो ओढून घेतला. मग अव्वा कन्नडमध्ये बोलायला लागली, एका सुरात, खाली मान घालून. तिचे शब्द मी इथं मराठीत लिहिते.

"मग काय सांगणार होते तुला? गाडीत मला बसता येणार नाही असं खरं सांगितलं असतं, तर तू लगेच हिला फोन केला असतास. शिव्या घातल्या असत्यास. आणि हिनं सगळं सोडून दिलं असतं. मी ओळखते ना तुला. माझ्यावर रुसलीस तर तू गप्प बसतेस, तेवढंच माझ्या हातात होतं. पुढं ते काम सुटलं, पण तुला फोन करायला मला तोंडच उरलं नव्हतं." मग माझ्याकडं हात करून म्हणाली, "दोन वर्षं पोरगी भिंतीकडं तोंड करून पडायची गं. ते काम हातात आल्यापासनं दोन वेळा पोटभर जेवायला लागली होती. गाणं म्हणायची."

मावशी हळूहळू भिंतीकडनं वळली आणि माझ्याकडं बघायला लागली. साठ वर्षांची झाले, वर्गच्या वर्ग गप्प केले, आणि माझी आई माझ्या दोन घासांसाठी आपली पाठची बहीण सोडून बसली होती, एकटी, त्याच घरात, माझ्यासमोर शेंगा सोलत. मी फरशीवर बसले, अव्वाच्या त्या ताठ पायावर डोकं टेकलं आणि मोठ्यानं रडले. अव्वा "शिवशिव, पाय हाय तो, ऊठ" म्हणत माझं डोकं ढकलत होती. मी हलले नाही.

शेवटी मावशीनं चांगला हात लांब करून माझ्या पाठीवर एक चापट मारली.

"सरक तिकडं," ती म्हणाली. "तिचा पाय दुखंल. आणि मला हिच्याशी बोलायचंय."